केबल निघाली तर?

"मॅडम, नुसतं ओके म्हणायचंय. वाचत काय बसलाय?" बिराजदार सरांनी परत विचारलं. मी म्हटलं, वाचल्यावरच ओके म्हणायचं असतं. ही पद्धत त्यांना नवीन होती.

सर कंपनीचे मालक. सात रस्ता चौकाजवळ, एका चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस. आम्ही पॉवरलूमसाठी कॅमेऱ्याचा बॉक्स बनवतो. टॉवेल विणला जात असताना कॅमेरा कापडाचे फोटो काढतो. तुटका धागा दिसला की बॉक्स माग थांबवतो. कामगार धागा जोडतो, बटण दाबतो, मग बॉक्सच माग पुन्हा चालू करतो. बॉक्समध्ये लिनक्स असतं. त्याचा गाभा म्हणजे कर्नल. कुठल्या प्रोग्रामला कुठली मेमरी द्यायची, हे कर्नल ठरवतो. त्यातला कॅमेरा सांभाळणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. ड्रायव्हरमधल्या बदलाला पॅच म्हणतात, आणि तो दुसऱ्या इंजिनियरनं तपासायचा असतो. आमच्याकडे दुसरी इंजिनियर म्हणजे मी.

पॅच पहिल्या इंजिनियरनं, श्रीनिवासनं लिहिला होता. पूर्वी ड्रायव्हर प्रत्येक फोटोची कॉपी करून प्रोग्रामला द्यायचा. त्यात वेळ जायचा आणि धागा सापडेपर्यंत टॉवेल पुढं गेलेला असायचा. श्रीनिवासनं कॉपीच बंद केली. फोटो मेमरीत जिथं उतरतो ती जागा, म्हणजे बफर, त्यानं सरळ प्रोग्रामला वापरायला दिली. कल्पना चांगली होती. वेगही वाढला होता.

मी विचारलं, "कॅमेऱ्याची केबल निघाली तर?"

"ड्रायव्हर बफर सोडून देतो."

"आणि प्रोग्राम?"

श्रीनिवासनं स्क्रीनवरचा कोड वर-खाली केला. "तो धरूनच बसतोय की," तो हळूच म्हणाला.

घोटाळा तिथंच होता. ड्रायव्हरनं सोडलेली जागा कर्नल मोकळी समजतो आणि दुसऱ्या कुणाला तरी देतो. म्हणजे घरात नवा भाडेकरू आला, पण जुन्याकडं किल्ली तशीच राहिली. वर आमचा प्रोग्राम नुसता बघत नाही, धागा तुटलेल्या जागी लाल चौकोनही काढतो. आता तो दुसऱ्याच्या घरात चौकोन काढणार.

सर म्हणाले, "केबल कोण कशाला काढंल?"

मी त्यांच्यासमोर चाचणीच्या मशीनची केबल काढली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बफर वाचून बघितला, तर टॉवेलच्या फोटोऐवजी आमच्या वायफायचा पासवर्ड दिसला. सर ते बघून आत गेले. थोड्या वेळानं समाधानानं बाहेर आले.

"पासवर्ड बदलला. आता ओके करा."

मी केलं नाही, कारणही लिहून ठेवलं. मग सरांनी स्वतःच्या लॉगिननं ओके केलं आणि शेरा मारला, 'मॅडमशी सविस्तर चर्चा झाली.' हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोड एमआयडीसीत डेमो होता. मला पासवर्डची काळजी नव्हती. माग चालू करणारा प्रोग्राम त्याच बॉक्समध्ये होता, लाल चौकोन त्याच्याही घरात पडू शकत होता, आणि धागा जोडताना कामगाराचे हात मागात असतात. कारखान्याचे मालक अंबादासशेठ दारातच भेटले. त्यांना मी सांगितलं, "शेठ, आज बॉक्सला माग नको. मागाच्या जागी दिवा जोडू. दिवा लागला की माग चालू, असं समजायचं."

"मॅडम, इम्प्रेशन काय पडणार?" सर कुजबुजले.

शेठ म्हणाले, "लावा की. आमाला दिवा बी चालतोय."

कापड हातानं सरकवत डेमो सुरू झाला. तुटका धागा आला, लाल चौकोन दिसला, दिवा विझला. सर खूश झाले. मागची बाजू बघायला शेठनी बॉक्स उचलला आणि केबल निघाली. स्क्रीनवरचं चित्र थिजलं. जरा वेळानं, बटणाला कुणी हात लावलेला नसताना, दिवा लागला.

"ह्ये कुणी चालू केलं?" शेठनी विचारलं.

"ऑटो स्टार्ट, शेठ. नवीन फीचर आहे," सर म्हणाले.

शेठनी शेजारच्या मागाकडं बघितलं. तिथला कामगार कोपरापर्यंत हात आत घालून धागा ओवत होता.

"सायेब, ह्ये फीचर काढून आणा. मग बोलू."

परत आल्यावर श्रीनिवासनं पॅच नव्यानं लिहिला. आता बफर कोण कोण वापरतंय याची नोंद ड्रायव्हर ठेवतो आणि शेवटच्यानं सोडल्याशिवाय जागा परत देत नाही. चालू करण्याचं बटण मी बॉक्समधून काढून थेट मागाला जोडायला लावलं. चाचणीच्या मशीनवर पुन्हा पुन्हा केबल उपसून बघितली आणि मग ओके लिहिलं. शेठनी बॉक्स घेतला. सरांनी नवीन माहितीपत्रक छापलं. त्यात पहिलंच वैशिष्ट्य आहे, 'माग आपोआप चालू होत नाही.'

पॅच चालतो का, हे लिहिणाऱ्यानं बघितलेलंच असतं. तपासणाऱ्यानं तो कसा बिघडतो ते बघायचं. साहेबांना यातलं काही बघायचं नसतं, त्यामुळं त्यांचं ओके सगळ्यात लवकर येतं.