निळ्या दोऱ्याचा सदरा

आमच्या गल्लीत सगळ्यात मऊ स्वभावाची बाई कोण, असं विचारलं असतं तर मी डोळे मिटून समोरचं दार दाखवलं असतं. नुझेयाचं. आम्ही दोघी स्पेनमधून हाकलून दिलेल्या मुसलमानांच्या लेकी. इथे ट्यूनिसला येऊन लोकरीच्या लाल टोप्या विणतो. घरात अजून तिकडचीच भाषा बोलतो, म्हणून इथले लोक आम्हाला ख्रिस्ती म्हणून चिडवतात. तिकडे मूर म्हणून थुंकायचे. कुठेही गेलं तरी आमचं कुणाला काही पटत नाही.

तिकडे नुझेयाचं नाव लिओनोर होतं. बाप्तिस्मा सगळ्यांनाच जबरदस्तीनं घ्यावा लागला होता. तिचा बाप लोपे, माळी. ती बारा वर्षांची असताना, बाप्तिस्म्यानंतरही लपून मुसलमान राहिलेल्यांना शोधणाऱ्या धर्मन्यायालयाच्या माणसांनी त्याला उचललं आणि सहा महिन्यांनी चौकात निकाल वाचला. साक्षीदाराचं नाव ते कधी सांगत नसत, साक्ष तेवढी वाचत. 'दर शुक्रवारी अंघोळ करून धुतलेला सदरा घालतो, गळ्याला निळा दोरा असलेला. घरी तेलात शिजवतात, डुकराची चरबी नसते. रविवारी चर्चमध्ये मिस्साला दिसत नाही. मनातलं देवाला ठाऊक, मी डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगतो.' लोपेला गलबतावर वल्ही मारायला पाठवलं. तो परत आला नाही.

तो निळा दोरा आईनं अटकेच्या आधीच्या गुरुवारी घातला होता, आणि तो सदरा घालून लोपे घराबाहेर पडला नव्हता. त्या शुक्रवारी बाहेरचा एकच माणूस अंगणात येऊन जेवून गेला होता. ब्लास, गावच्या भट्टीवर पाव भाजणारा.

वीस वर्षांनी चाच्यांनी एक जहाज पकडून आणलं, त्यातल्या कैद्यांत हा ब्लास निघाला. नुझेयानं त्याला बाजारात ओळखलं आणि नवऱ्याला सांगून घरी कामाला आणवलं. तिला पाहून म्हातारा रडायलाच लागला.

"लिओनोर, पोरी, तू?"

"ब्लासकाका," ती म्हणाली, "देवानंच तुम्हाला माझ्या दारी आणलं."

साक्षीदार म्हणून आपलं नाव कुणाला कळलेलंच नाही, असं तो समजून होता. आणि ही बया त्याची सरबराई करत सुटली. दर शुक्रवारी गरम पाणी, धुतलेला सदरा. चांगल्या तेलातली वांगी. त्याच्याशी कधी मोठ्यानं बोलली नाही. त्याच्या अंगावरच्या कामात एकच जाच होता. रविवारी बाकीचे ख्रिस्ती कैदी बंदीखान्यातल्या चर्चमध्ये जमत, नेमकं त्याच दिवशी ती त्याला टोप्या धुवायला लांब नदीवर धाडायची.

माझं डोकं फिरायचं. "गुलाम आहे की जावई? बापाला खाल्लं त्यानं तुझ्या."

"म्हातारा माणूस आहे. राहू दे की स्वच्छ."

"मी असते तर पहिल्याच दिवशी ताटात विष घातलं असतं."

"एका ताटात संपतं ते," ती म्हणाली आणि विणत राहिली. मला वाटलं, हिनं माफ केलं. पंधरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

अशी सहा वर्षं गेली. मग पैसे भरून कैदी सोडवणारे पाद्री स्पेनहून आले. ब्लासच्या मुलीनं दारोदार फिरून बापासाठी भीक गोळा केली होती, आणि यादीत त्याचं नाव वर होतं. म्हातारा हरखून गेला. कधी न पाहिलेल्या नातीसाठी त्यानं माझ्याकडून एक लहान टोपी मागून घेतली. मी दिली. पोरीनं काय केलं होतं माझं?

पण मुसलमान होऊन बाटलेल्याला पाद्री सोडवत नाहीत, आधी चौकशी करतात. बाकीच्या कैद्यांनी सांगितलं की ब्लास कधी मिस्साला येत नाही. म्हणून त्यांच्यातला एक पाद्री नुझेयाच्या घरी आला. मी तिथेच विणत बसले होते. तिनं मधातली भजी पुढे ठेवली, आणि ती त्यानं आवडीनं खाल्ली.

"बाई, तुमचा ब्लास बाटला का?"

"मनातलं देवाला ठाऊक, बाबा. मी डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगते." तिनं हातातली टोपी खाली ठेवली. "दर शुक्रवारी अंघोळ करून धुतलेला सदरा घालतो. गळ्याला निळा दोरा असलेला. सहा वर्षांत डुकराची चरबी त्याच्या तोंडात गेली नाही, सगळं तेलातलं खातो. रविवारी मिस्साला जात नाही."

एक शब्द खोटा नव्हता. ती साक्ष मला पाठ होती, तिनंच कितीदा सांगितलेली. पाद्र्यानं बोटं पुसली आणि यादीतल्या नावावर रेघ मारली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? उठून तिच्या पाया पडावंसं वाटलं.

जहाज गेलं. ब्लास बंदरावरून गाठोडं घेऊन परत आला.

"लिओनोर, तू काय सांगितलंस त्यांना? मी बाटलो नाही. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे ना. पण मी दिसलं तेवढंच सांगितलं, काका. तुम्ही चौकात वाचायला दिलं होतंत, तेवढंच."

त्याचा हात गळ्याशी गेला. सहा वर्षं तो दोरा त्याच्या अंगावर होता, तेव्हा कुठे त्यानं तो पाहिला. दुसऱ्या हातातलं गाठोडं अंगणात पडलं. गाठोड्यातून नातीची टोपी बाहेर घरंगळली, ती मी उचलली नाही.

पुढच्या शुक्रवारी तो सवयीनं घंगाळापाशी येऊन उभा राहिला. पाणी तापवलेलं नव्हतं. नुझेयानं त्याच्याकडून सदरा मागून घेतला, गळ्याचा निळा दोरा शांतपणे उसवला, आपल्या बोटाला गुंडाळला आणि सदरा त्याला परत दिला.

"आता घाला नाहीतर घालू नका," ती म्हणाली. "बघणारं कोणी उरलं नाही."