घामाने गरम हेल्मेट

दाराशी टांगलेल्या भावाच्या बाइकच्या हेल्मेटला घामाने भिजलेल्या फोमचा वास येतो, आणि मला राई गावच्या खाडीजवळचं मैदान आठवतं. तिथे आम्ही अमेरिकन फुटबॉल खेळायचो, आणि मोठा भाऊच कॅप्टन होता. हेल्मेटं सगळ्यांना पुरायची नाहीत, म्हणून बाहेर जाणाऱ्याचं हेल्मेट गरम गरमच आत येणाऱ्याच्या डोक्यावर चढायचं. त्या दुपारी समोरच्याने झेपावून टॅकल केलं आणि मी मानेवर आपटलो. तोंडात खारट माती गेली, डावा हात आहे की नाही तेच कळेना. ‘पडून राहा रे, हलू नको,’ म्हणत भावाने सवयीने माझं हेल्मेट ओढून काढलं आणि बदली खेळाडूकडे फेकलं. मानेत कट्‌कन वाजलं. पुढच्या वर्षी या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेचा माणूस पहिल्यांदाच शिबिर घ्यायला आला. मी कडेला चाकाच्या खुर्चीत बसलो होतो. पडलेल्याचं हेल्मेट कधीच काढायचं नाही, मान जाते, हा त्याचा पहिला धडा. भावाने विचारलं, ‘सर, ये पहले क्यों नहीं बताया?’ तो शांतपणे म्हणाला, ‘आपका क्लब हमारे पास रजिस्टर ही नहीं था ना.’ भाऊ अजूनही रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावतो, हेल्मेट घालतो आणि काशीमीऱ्याला कामावर जातो.