गोळ्यांचं वाण

ज्या वर्षी आईने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं वाण लुटलं, त्याच वर्षी मी व्हिटॅमिनच्या गोळ्यांविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. दोन्ही कार्यक्रम एकाच दुपारी, इंग्लंडात, इल्फर्डमधल्या आमच्या एकाच बैठकीच्या खोलीत पार पडले.

यात माझा काय दोष? मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मुंबईहून येताना लोकांनी लोणची आणली, बाबांनी पत्रकांची ट्रंक आणली. लहानपणी मला झोपवताना ते 'कामगारा, जागा हो!' वाचून दाखवायचे. (मी लगेच झोपायचे. चळवळीशी केलेली माझी पहिली गद्दारी!) कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले. स्टेन्सिलवर हाताने मराठी कोरायचं, स्टुडंट्स युनियनच्या मशीनवर प्रती काढायच्या आणि इंग्लंडातल्या मराठी माणसांना जागं करायचं. ती माणसं प्रती घडी घालून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवायची.

आता गोळ्या घरात शिरल्या कशा, ते सांगते. दिवाळीच्या फराळाला ईलिंगहून सबनीस मंडळी आली होती. डॉ. सबनीस इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्यांनी आईला कठड्याला धरून, बदकासारखी डुलत जिना चढताना पाहिलं.

"वहिनी, पाय दुखतात?"

"थंडी आहे हो इथली."

"थंडी मलाही आहे. मी असा चालतो का? तुमच्यात ड जीवनसत्त्व कमी पडतंय. तुमच्या दवाखान्यात मी बोलतो. गोळ्या देतील त्या रोज घ्यायच्या."

आईने घेतल्या. महिन्याभरात ती जिना बरा चढायला लागली. मी त्याचं श्रेय पालकाच्या भाजीला दिलं.

आईने मात्र गोळ्यांना दिलं, आणि नको तितकं दिलं. संक्रांत आली. स्वतःच्या घरातलं तिचं हे पहिलं हळदीकुंकू, आणि आदल्या वर्षी सबनीस वहिनींनी स्टीलची गाळणी वाटलेली. त्या गाळण्यांनी आईची झोप उडवली होती.

"नंदे, वाण म्हणून व्हिटॅमिनच्या बाटल्या देऊ या," आई म्हणाली. "डॉक्टरांनी मला नुसतं ड दिलं. ह्यात अ, ब, क, सगळी बाराखडी आहे!"

मी हादरले. माझ्या घरात! धडधाकट बायकांना घाबरवून त्यांच्या गळ्यात साखर लावलेली भीती उतरवणाऱ्या कंपन्यांचा माल, आणि तो माझी आई हळदीकुंकू लावून वाटणार?

"आई, चौरस आहार घेणाऱ्या माणसाला ह्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. जास्तीचं सगळं लघवीवाटे निघून जातं!"

"वाणाबद्दल असं बोलू नये, नंदे."

मी बोलले नाही. मी लिहिलं. आई तिळाच्या वड्या थापत होती तेव्हा मी प्रत्येक बाटलीला माझं पत्रक गुंडाळून वर रबरबँड चढवला. दिसायला फार सुरेख दिसत होतं.

बायका आल्या, अत्तर झालं, तिळगूळ झाला, आईने वाण दिलं.

"अय्या, कशी घ्यायची तेसुद्धा लिहून दिलंय!" सबनीस वहिनी म्हणाल्या आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागल्या. "'भगिनींनो! ही बाटली म्हणजे तुमच्या अज्ञानाला बसवलेलं बूच आहे!'"

एका काकूंची तिळाची वडी तोंडातच थांबली. सबनीस वहिनींनी आईकडे पाहिलं. गाळण्यांचा सूड म्हणून हे जरा जास्तच होतं!

मला वाटलं, आता आई रडणार. आई उठली, वहिनींच्या हातातलं पत्रक घेऊन तिने ते सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"आमच्या नंदीनं लिहिलंय," ती म्हणाली. "अक्षर बघा किती सुबक!"

सगळ्यांनी अक्षराचं कौतुक केलं. मजकुरावर कोणी अक्षर काढलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन हताशपणे गाजर खाल्लं.

पण पत्रकाचा परिणाम झाला. फार झाला! आठवड्यातच मेडनहेडहून नाडकर्णी काकूंचा फोन आला. काकू रोज मासे खाणाऱ्या, बागेत राबणाऱ्या, घोड्यासारख्या खणखणीत बाई.

"नंदा, छान लिहितेस ग! मी आता दिवसाला चार घेते."

"चार? काकू, मी घेऊ नका असं लिहिलंय!"

"तूच लिहिलंयस ना, जास्तीचं निघून जातं म्हणून? मग भीती कसली? आणि निघतंय हो, दिसतंय मला. पिवळंधम्मक!"

दुसऱ्या एकीने हेच वाचून उरलेल्या गोळ्या खिडकीतल्या कोथिंबिरीला घातल्या. आणखी एकीने फोन करून आणखी बाटल्या कुठे मिळतील अशी चौकशी केली. घ्या म्हटल्यावर लोक एक घेतात, घेऊ नका म्हटल्यावर चार! क्रांती कशी व्हायची?

इकडे मार्चपर्यंत आई पुन्हा डुलायला लागली. कंबर धरून उठायची, बरगड्यांवर हात ठेवून खोकायची. मी तत्काळ कारण शोधलं: शोषण! आई दिवसभर मागच्या खोलीत मशीनवर बसून एका कारखान्यासाठी स्कर्टांची अस्तरं शिवायची. मी 'शिवणयंत्र आणि स्त्रीची कंबर' हे पत्रक लिहिलं आणि कारखान्याच्या मालकाला त्याच्या दारात उभं राहून वाचून दाखवलं, इंग्रजी भाषांतरासकट. त्याने शांतपणे ऐकलं आणि आईचं काम बंद केलं.

"निदान विश्रांती मिळेल तुला," मी म्हणाले.

"हो ना," आई म्हणाली आणि खुर्चीतून उठायला माझा हात मागितला.

मग एका सकाळी आईची पूजा संपेचना. घंटा वाजून गेली, उदबत्ती विझली, तरी आई देवासमोर बसलेलीच. मला वाटलं, गेलेल्या कामाचा राग देवाला सांगतेय. शेवटी आतून हाक आली.

"अहो, जरा इकडे येता का? मला उठता येत नाहीये."

मी आणि बाबांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून उचललं. ती ओठ घट्ट मिटून होती. तेव्हा पहिल्यांदा मला एकही घोषणा सुचली नाही.

बाबांनी फोन केला आणि डॉ. सबनीस ड्यूटी संपवून थेट आले. त्यांनी आईच्या नडगीवर बोट दाबलं. आई कळवळली.

"मोठ्या माणसांचा मुडदूस," ते म्हणाले. "हाडं मऊ पडतात. पण वहिनी, तुम्ही तर सुधारला होतात. गोळ्या?"

डॉक्टर स्वयंपाकघरात गेले आणि फळीवरून बाटली घेऊन आले. अर्धी भरलेली, झाकणावर धूळ.

"कधी सोडल्या?"

"संक्रांतीला."

"का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तक्रारीने नाही हो. अभिमानाने!

"नंदानं लिहिलं ना. एवढं छापून लिहिलंय, ते काय उगीच?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी पालकाच्या भाजीविषयी काहीतरी पुटपुटले.

"पालकात ड नसतं, नंदा. तुझी आई मासे खात नाही, अंडी खात नाही, ड घातलेलं मार्जरीन मिळतं, तर त्यात कशाची तरी चरबी असते म्हणून ते घरात येऊ देत नाही आणि ऊन फक्त खिडकीतून बघते. तिच्या अंगात ते येणार कुठून?"

"म्हणजे माझं पत्रक चुकीचं होतं?"

"तेच तर! नाडकर्णीबाईंच्या बाबतीत एक वाक्य सोडलं तर शब्दन् शब्द बरोबर होतं. त्यांना गोळीची गरज नाही, त्या चार खातात. म्हणे जास्तीचं निघून जातं! सगळंच नाही जात, काही अंगात साठतं. दर दोन दिवसांनी फोन करतात मला, रंग सांगायला! आणि जिला खरोखर गरज होती, तेवढ्या एकटीनं तुझं ऐकलं."

बाबा इतका वेळ कोपऱ्यात उभे होते. ते घसा साफ करून म्हणाले, "भाषा मात्र धारदार होती."

"अहो, तुम्ही गप्प बसा!" आई म्हणाली. दुखण्यात तिने काढलेला तो एकमेव मोठा आवाज.

मी शुद्धिपत्रक काढलं. 'मागील पत्रकातील मजकूर माझी आई आणि तिच्यासारखं राहणाऱ्या सर्व भगिनींना वगळून वाचावा. त्यांनी डॉक्टरांना विचारावं.' ते कोणीही वाचलं नाही. टेबलं आधीच स्थिर झाली होती.

उन्हाळ्यात आई मागच्या बागेत खुर्ची टाकून, बाह्या वर सारून बसायला लागली. (जेव्हा जेव्हा इंग्लंडने परवानगी दिली तेव्हा!) रोज सकाळी गोळी तिच्या तळहातावर मीच ठेवायचे आणि ती गिळेपर्यंत हलायचे नाही. ऑगस्टमध्ये ती कठडा न धरता जिना चढली. वर पोचून तिने खाली वाकून विचारलं, "नंदे, हल्ली काही लिहीत नाहीस?"

"नाही."

"लिही ग. मी वाचीन."

"आधी डॉक्टरांना दाखवून आण!" बाबा आतून ओरडले.

मी अजूनही लिहिते. जगावर आपल्या लेखनाचा परिणाम व्हावा, असं प्रत्येक लेखकाला वाटतं. माझ्या लेखनाचा तो एका वाचकावर पूर्णपणे झाला, आणि तिला त्यातून उठून चालायला अख्खा उन्हाळा लागला.