चित्रांना हात लावू नये

मैत्रिणींनो, आपल्या भित्तिपत्रकासाठी हे आजच लिहिते आहे.

दसऱ्यानंतर कापूस येईपर्यंत कापसाचे व्यापारी नाना यांनी त्यांचे रिकामे गोदाम आपल्या चित्रांच्या प्रदर्शनाला दिले होते. तिथल्या भिंतीवर मी कोळशाने आईचे चित्र काढले. ती याच गोदामात कापूस निवडायची. आता ती नाही, आणि उद्या भिंतींना चुना लागणार आहे.

आज तिच्याबरोबर कापूस निवडणाऱ्या अक्का आल्या. "हाई तं मनी सुमन शे!" म्हणत, आईला ओळखून त्यांनी स्वतःच्या कपाळावरचे कुंकू चित्राला लावले. शेजारीच माझी पाटी होती : 'चित्रांना हात लावू नये.'

मग त्या नानांना म्हणाल्या, "बठ्ठा गोदामले चुना मार, पन हिले हात लावू नको."

नाना हसले. "पाटीवर लिखेल शे ना, अक्का!"

उद्या आपण बाकीची सगळी चित्रे उतरवू. पाटी तेवढी राहू द्यायची ना?