आजीची म्हैस कुठल्या जातीत?

बायको गेल्यावर लेकानं मला शहरात, राजारामपुरीतल्या फ्लॅटवर आणलं आणि तिची म्हैस गडहिंग्लजला मेव्हण्याच्या गोठ्यात गेली. रविवारी नातीच्या कॉलेजच्या मैत्रिणी जमतात. टेबलावर नकाशा पसरायचा, फासे टाकायचे, आणि कुणी जादूगार, कुणी लढवय्या होऊन गोष्ट रचायची, असला खेळ. एकदा नात म्हणाली, "आबा, आजीची म्हैस घेऊ का आमच्या गोष्टीत?"

बरं वाटलं. म्हटलं, घे की.

तिनं जाडजूड पुस्तक उघडलं. त्यात जितराबाच्या जाती पाडल्यात. ड्रॅगन एकीकडं, भुतंखेतं एकीकडं, आणि वाघ, बेडूक, घोडा, उंदीर सगळे 'पशू' म्हणून एका दावणीला. प्रत्येकाच्या ताकदीला, अकलेला आकडे दिलेले. म्हैस काय सापडेना.

"बैलाचे आकडे लावू," एक पोरगी म्हणाली. "अक्कल दोन."

"आणि माणसाला?"

"दहा, आबा."

डोकंच फिरलं. "पावणं, कधी धार काढलीया का?"

नात म्हणाली, "आबा, नियम हाय. ज्याला बोललेलं कळतं तो पशू न्हाय. त्याची जात वेगळी."

"मग घाल की वेगळीत! दिवाळीच्या पाडव्याला फटफटीमागं म्हशी पळवतात तवा तुझी आजी माझ्या गाडीवर मागं बसून हाक मारायची, आणि ही बया भर गर्दीतनं तिच्या मागं पळत यायची. मी हाक मारली की ढिम्म."

"ते शिकवलेलं असतं," ती मैत्रीण.

"तुलाबी कॉलेजात शिकवलंयच की."

पोरी हसल्या. मला हसू आलं नाही. बायको दवाखान्यात असताना ह्या म्हशीनं पान्हा चोरला. पेंडीचं आंबोण घातलं, शिव्या घातल्या, लाथ खाल्ली. शेवटी बायकोचं लुगडं अंगावर घेऊन बसलो, तेव्हा कुठं सोडलं दूध. बायको गेली, त्या दिवसापासनं लुगड्यालाही फसली नाही. हिची म्हणे अक्कल दोन!

"आबा, तुम्ही हाक मारा," नात म्हणाली. "फासा चांगला पडला तर म्हैस येईल."

मी हाक मारली. फासा टाकला. वीस पडले, त्या फाशाचा सगळ्यात मोठा आकडा.

"आली! आली!" पोरींनी टाळ्या पिटल्या.

"न्हाय आली," मी म्हणालो. "माझ्या हाकेला ती कधी आली न्हाय, आणि जिच्या हाकेला यायची ती आता न्हाय. फाशाला काय कळतंय?"

 नातीनं कागदावरचं 'पशू' खोडलं. त्या जागी काय लिहावं ते तिला सुचेना, मलाही नाही. जागा तशीच मोकळी सोडून पोरी पुढं खेळल्या, म्हशीशिवाय.