दुसरी वाटी

मी वडनेरच्या शाळेत विज्ञान शिकवते. अंगात आलेल्या बाईपुढे हसले म्हणून लहानपणी शेजारणीचे दोन धपाटे खाल्लेत... वडिलांनी आम्हाला वाढवलंच तसं. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय. हसायचं असेल तर हसा.

दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यातच माझं सिझर झालं. जुळ्या मुली. हॉस्पिटल वर्ध्यातलंच, नाव देत नाही. मुली पहिल्या मजल्यावर एनआयसीयूत, मी तळमजल्यावर. बीपी उतरत नव्हतं म्हणून मला उठायची बंदी. दर दोन तासांनी मी स्टीलच्या दोन छोट्या वाट्यांत दूध काढायचे. वाट्यांवर चिकटपट्टी — १ आणि २. झाकण लावून माझा नवरा प्रशांत वर नेऊन द्यायचा, सिस्टर नळीने पाजायच्या. मी दोघींना फक्त त्याच्या मोबाईलमध्ये पाहिलं होतं.

सोमवारी जन्म, गुरुवारी सकाळी धाकटी गेली. मला सोडून सगळ्यांना कळलं.

"कच्ची बाळंतीण हाय, सांगू नोका," सासूबाईंनी ठरवलं. "दूध आटलं त मोठीबी हातची जाईन." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या आईनेसुद्धा. दुपारपर्यंत पुरूनही आले.

आणि मी दोन वाट्या भरत राहिले. टाके ओढायचे, तरी दुसरी वाटी थोडी कमी भरली की धाकटीवर अन्याय झाल्यासारखं वाटायचं.

शुक्रवारी मी प्रशांतला विचारलं, "एका वाटीले दुधाचा ओघळ, अन् दुसरी काऊन एवढी कोरडी? सिस्टर धुऊन देते का?"

"हो," तो म्हणाला. भिंतीकडे पाहून.

शनिवारी दुपारी तो माझ्या खाटेशी मटकन बसला.

"मले नाई जमत आता. धाकटी गेली... गुरुवारीच. तुहं दूध बेसिनमध्ये ओतवलंच नाई मले. जिन्यातल्या खिडकीत वाटी ठेवत होतो, मंग झाडाखाली ओतू म्हणून. मोठीचं देऊन परत येतो त वाटी रिकामी. झाकण तसंच्या तसं. दरवेळी. आज तिथंच बसून राह्यलो. कोणी आलं नाई, तरी कोरडी! थे पिऊन राह्यली वो..."

मी त्याच्या थोबाडीत मारली. भर वॉर्डात. तीन दिवस खोटं बोलला, आणि आता माझी समजूत काढायला ही गोष्ट रचतोय — असंच वाटलं मला.

रविवारी दुपारी मी भिंत धरून जिना चढले. प्रशांत मागोमाग आला. अडवायची कोणाची हिंमत झाली नाही. आधी मोठीला पाहिलं. मग दुसरी वाटी माझ्या हाताने खिडकीत ठेवली आणि पायरीवर बसले. अर्ध्या तासाने झाकण काढलं. दूध जसंच्या तसं.

"पाहा," मी म्हणाले. जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही.

प्रशांतने तीच वाटी उचलली, झाकण लावलं, पुन्हा तिथेच ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. मी नजर हलवली नाही. मांजर नाही, मुंगी नाही, माणूस नाही. दहा मिनिटांनी मीच उठून झाकण काढलं.

वाटी कोरडी होती.

मी तिथेच पायरीवर बसून सगळ्यांना शिव्या घातल्या. सासूला, आईला, प्रशांतला. त्या वाटीत नंतर मी कधी दूध काढलं नाही. मोठीपुरतं दूध मात्र तिने पिणं सोडेपर्यंत आलं... आटलं नाही, सासूबाई.

बाष्पीभवन, गळकी वाटी, माझी औषधं, माझं डोकं — सगळं ताडून पाहिलंय. उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा.

एवढंच कळतं. धाकटीला एनआयसीयूतल्या काचेच्या पेटीतून काढून हातात घेतलं ते प्रशांतने, पुरायला नेताना. माझा हात तिला कधी लागलाच नाही, कोणी लागू दिला नाही. तिला माझं दूध ओळखीचं होतं. मी नव्हते.