गोठ्यातलं घड्याळ

एमिल कुबिचेक हयात होता तोवर गोठ्यातल्या घड्याळाला कुणी बोट लावलं नाही. नेब्रास्कात दर वसंतात सरकारी नियमानं घड्याळं तासभर पुढे करायची, हिवाळ्याआधी पुन्हा मागे. स्वयंपाकघरातलं होई, गोठ्यातलं नाही. "गाईंना सरकार कळत नाही, पाऱ्यालाही नाही," म्हणत एमिल गोठ्यातल्या सातच्या ठोक्याला तापमापक वाची आणि हवामान कचेरीच्या वहीत फॅरनहाइटचा आकडा लिही. अडतीस वर्षं, एक खाडा नाही.

तो गेल्यावर वही व्हर्नाकडे, त्याच्या बायकोकडे आली. बाई टापटिपीची. एका घरात दोन वेळा नांदतात म्हणजे काय, म्हणून तिनं गोठ्यातलं घड्याळही पुढे करायला सुरुवात केली. त्याला चार वर्षं झाली.

मंगळवारी कचेरीतल्या ड्वेनचा फोन आला. "व्हर्नाबाई, तुमच्याकडचे उन्हाळे शेजाऱ्यांपेक्षा थंड कसे? गुरुवारी येतो. वह्या काढून ठेवा."

फोन ठेवताच तिला गोठ्यातलं घड्याळ आठवलं. म्हणजे ती तासभर आधी, ऐन पहाटेच्या गारठ्यात आकडा घेत होती. सगळ्यात कमी तापमान दाखवणारा तापमापकाचा काटा त्या गारठ्याला लावून ठेवला, की दुसरी पहाट उबदार असली तरी थंडी तीच दिसते. एमिलनं हे शंभरदा सांगितलं होतं. आता तिच्या चार वर्षांपायी त्याची अडतीसही बाद झाली तर? त्याचं दुसरं उरलं होतं काय? बुधवारी दुपारी तिनं कोरी वही घेतली, चारही उन्हाळे जरा उबदार करून उतरवले आणि खऱ्या वह्या पिठाच्या डब्यात दडवल्या.

ड्वेन आला, नवी वही चाळू लागला. समोर ठेवलेल्या कोलाचेंकडे, खसखस भरलेल्या गोड पावांकडे, त्यानं पाहिलंही नाही.

"गोठ्यातलं घड्याळ पुढे केलंत?"

"हो."

"मग सुटलात. वेळ चुकली तर गणित लावून सुधारता येते. आकडा मात्र त्या दिवशीचाच हवा. एक जरी मागाहून बदललेला निघाला, तर त्या घरची कुठलीच वही धरता येत नाही." त्यानं पानावर बोट टेकवलं. "चार वर्षं आणि शाई एकच. नवल आहे."

व्हर्ना उठली, डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पिठानं माखलेल्या वह्या टेबलावर ठेवल्या.

"तुझ्या हातातली मी काल लिहिली. खोटं माझं आहे ड्वेन, एमिलच्या वह्या बाद करू नकोस."

त्याच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना. ती गोठ्यात गेली, स्टुलावर चढली आणि घड्याळ तासभर मागे केलं.

मग ड्वेननं खरी वही उघडी धरून खिडकीतून विचारलं, "व्हर्नाबाई, गेल्या वर्षीच्या चार मेचा आकडा पिठात गेलाय. एकोणचाळीस की एकोणतीस?"

ती घड्याळाच्या काट्याला धरून रडत होती. "एकोणचाळीस," ती म्हणाली.